घरकामगार बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड झाल्या, आता ट्रान्स्क्रिप्शन आणि कोडिंगसाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीसाठी मानखुर्द, असल्फा आणि जोगेश्वरीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या २६ मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्यात, प्रत्येक साधारण तासाभराची, भाषा मराठी पण मधेमधे हिंदी. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. गाइड म्हणतात एनव्हिवो घ्या (मुलाखतींच्या विश्लेषणासाठी विकत मिळणारं सॉफ्टवेअर), मैत्रीण म्हणते एखाद्या एआय वेबसाइटवर सगळ्या फाइली टाकून दे, तीच टाइप करेल आणि थीमही तीच काढून देईल. खर्च करायला फार पैसे नाहीत. तर घ्यायचं काय?

मी मुंबईत मुलाखतींवर आधारित संशोधनाचं काम गेली अठरा वर्षं करतेय, सुरुवात कॅसेटवर केली होती, आणि हा प्रश्न दर जून-जुलैला कोणीतरी विचारतंच. सॉफ्टवेअरचं नाव लगेच सांगता येईल, पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. तुम्ही एक सॉफ्टवेअर शोधताय आणि कामं मात्र दोन आहेत, आवाजाचं लिखाणात रूपांतर करणं, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन, हे एक आणि त्या लिखाणात काय सापडतंय ते शोधून, वाक्यांना नावाच्या खुणा देऊन बांधून ठेवणं, म्हणजे कोडिंग, हे दुसरं. दोन्हीची गरज वेगळी, दोन्हीची अडचण वेगळी. आणि या दोन्हीच्या आधी एक तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे त्या बायकांना तुम्ही काय कबूल केलंय.

त्यामुळे आधी संमतीपत्र काढून वाचा. खरंच काढा, आता. त्यात "रेकॉर्डिंग फक्त मी आणि माझे मार्गदर्शक ऐकतील" असं लिहिलं असेल किंवा तसं तोंडी सांगितलं असेल, तर मैत्रिणीचा सल्ला तिथेच संपला. फुकट वेबसाइटवर फाइल टाकली की ती कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर जाते, किती दिवस राहते, त्यांचं मॉडेल शिकवायला वापरतात का, हे सगळं त्यांच्या अटींमध्ये असतं आणि त्या अटी आपण वाचत नाही. घरकामगार बाई बोलताना मालकिणीचं नाव घेते, बिल्डिंगचं नाव घेते, कुठल्या घरात दागिन्यांवरून संशय घेतला ते सांगते, नवऱ्याबद्दल सांगते. हे बाहेर गेलं तर तिचं काम जाऊ शकतं, आपलं काहीच जात नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झालाय आणि एथिक्स कमिट्याही आता याबद्दल विचारतात, पण कायदा नसता तरी शब्द दिलाय तो दिलाय. म्हणून माझा नियम साधा आहे की मुलाखतीचा आवाज माझ्या मशीनच्या बाहेर जात नाही, बाहेर पाठवायचाच असेल तर ते आधी संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं.

आता ट्रान्स्क्रिप्शन. मशीनने टाइप करून घेणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः करते. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून टाइप करणारं एआय मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आमच्यासारख्यांचं काम बदललं. जवळपास ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर ते शिकवलंय, त्याला मराठी येते, आणि मुख्य म्हणजे ते आपल्याच लॅपटॉपवर इंटरनेट बंद ठेवून चालतं. एकदा मॉडेल उतरवून घेतलं की फाइल कुठेही पाठवायची गरज नाही. कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम चालवण्याची, भीती वाटत असेल तर बझ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात फाइल ओढून टाकायची, भाषा निवडायची, चालू करायचं, बस.

यात ज्या गोष्टींनी माझे तास वाया गेले त्या आधीच सांगते. व्हिस्परची लहान-मोठी मॉडेलं असतात, टायनी, बेस, स्मॉल, मीडियम, लार्ज. इंग्रजी असेल तर स्मॉलवर भागतं, मराठीसाठी स्मॉल घेतलंत तर जे येईल ते दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून टाइप केलेलं बरं. लार्जच घ्या. त्याची फाइल साधारण ३ जीबीची असते, ८ जीबी रॅमवर बाकी सगळं बंद ठेवलं तर चालतं, पण ग्राफिक कार्ड नसेल तर फार हळू, म्हणजे रात्री एक मुलाखत लावायची आणि झोपायचं. दुसरं, भाषा ऑटोवर कधीच ठेवू नका. ऑटोवर असलं की ते पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढे पूर्ण फाइल त्याच भाषेत रेटतं, आणि तुमच्या मुलाखतीची पहिली तीस सेकंदं काय असणार, शेजारीण हिंदीत विचारतेय किती वेळ लागेल, तुम्ही हिंदीत सांगताय. मग बाईंचं मराठी ते हिंदी समजून लिहितं, आणि दोन्हीची लिपी एकच असल्याने चार पानं होईपर्यंत लक्षातच येत नाही. कधी तर हिंदीला उर्दू समजून वेगळ्याच लिपीत लिहून ठेवतं. तेव्हा भाषा मराठी, हे हाताने निवडायचं.

तिसरं, कोण बोलतंय हे साधं व्हिस्पर सांगत नाही. प्रश्न आणि उत्तर एकाच परिच्छेदात येतं, मधे सासूबाई बोलल्या तर त्याही त्यातच. ते वेगळं करणं तुमचं काम. चौथं सगळ्यात धोक्याचं. जिथे कोणीच बोलत नाहीये, नुसता मिक्सर किंवा पंखा चालू आहे किंवा बाई गप्प बसल्यात, तिथे ते कधीकधी स्वतःच्या मनाने वाक्यं घालतं. तेच वाक्य पाच-सहा वेळा येतं तेव्हा कळतं, पण एखादंच सुटं वाक्य आलं आणि ते अर्थाला धरून असलं तर नुसतं वाचून कळणार नाही, ऐकावंच लागेल. ज्या विषयात बाईंचं गप्प होणं हाच पुरावा आहे तिथे गप्प बसण्याच्या जागी वाक्य भरलं जाणं किती घातक ते तुमच्या लक्षात येईल.

आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने भारतीय भाषांसाठी खास मॉडेलं केलीत आणि तीही खुली आहेत, सरकारची भाषिणी योजनाही याच दिशेने काम करते. तुमच्या ओळखीत प्रोग्रॅमिंग येणारं कोणी असेल तर एआयफॉरभारतची मॉडेलं तुमच्याच मशीनवर लावून एका मुलाखतीवर तुलना करून बघा. एकट्याने करायचं असेल तर बझ सोपं.

आता एक उदाहरण देते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. असल्फाच्या डोंगरावर एका ताईंशी बोलत होते, वरून विमानं जातात त्यामुळे दर काही मिनिटांनी थांबावं लागायचं. कामं कशी मिळाली, कशी गेली हे विचारत होते. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या माळ्यावरचं काम मी सोडलं... नाय, सुटलंच ते, बाळंतपणात." मशीनने लिहिलं, "तिसऱ्या माळ्यावरचं काम मी सोडलं बाळंतपणात." वाक्य स्वच्छ, व्याकरण बरोबर, वाचणाऱ्याला शंका येण्याचं कारणच नाही. पण सोडलं म्हणजे मी ठरवलं आणि सुटलं म्हणजे हातातून गेलं, परत बोलावलं नाही. ताई आधी अभिमानाने एक बोलल्या आणि मग स्वतःच स्वतःला थांबवून खरं काय ते सांगितलं, आणि बोलताना अडखळलेलं, मागे घेतलेलं जे असतं तेच हे मॉडेल गाळून टाकतं. माझं त्या अभ्यासातलं एक आख्खं प्रकरण पुढे या सोडलं-सुटलं-काढलंवर उभं राहिलं. तो ड्राफ्ट मी ऐकत ऐकत तपासला नसता तर हे प्रकरण झालंच नसतं.

तसाच दुसरा शब्द खाडा. "महिन्याला दोन खाडे चालतात, तिसऱ्याला पैसे कापतात." मशीनने लिहिलं दोन खड्डे चालतात. हे हसून सोडून देण्यासारखं वाटतं पण नंतर तुम्ही खाडा शब्द शोधायला जाल तेव्हा सव्वीस मुलाखतींत दोनदाच सापडेल आणि तुम्हाला वाटेल याबद्दल बायका फारसं बोललेल्याच नाहीत.

म्हणून मी करते ते असं. पहिल्या चार मुलाखती पूर्ण हाताने, मशीन नाही. त्यासाठी ओट्रान्स्क्राइब वापरा, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि आवाजाची फाइल कुठे अपलोड होत नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. एस्केप दाबलं की थांबतं आणि परत चालू होतं, एफ१ने थोडं मागे जातं, एफ३ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि जे दाबलं की त्या क्षणाची वेळ लिखाणात येते आणि नंतर त्या वेळेवर क्लिक केलं की आवाज तिथून सुरू होतो. फक्त एक लक्षात ठेवा, लिखाण ब्राउझरमध्येच साठतं, त्यामुळे ब्राउझरची हिस्टरी आणि साठवलेला डेटा साफ केलात तर जाईल, रोज उठताना वर्डमध्ये काढून ठेवा. या चार मुलाखतींतून तुम्हाला बायकांचे शब्द कळतात, कामं धरली, खाडा, वरकाम, सोसायटीतली एन्ट्री, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठला आवाज कुठे आड येतो तेही कळतं. शब्दांची यादी करून ठेवा. मग उरलेल्या बावीस व्हिस्परला द्या आणि आलेला ड्राफ्ट ओट्रान्स्क्राइबमध्ये चिकटवून, आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत दुरुस्त करा. नुसतं वाचून दुरुस्ती करायची नाही.

वेळेचा हिशोब देते. वस्तीतल्या घरातलं तासाभराचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला मला सहा ते आठ तास लागतात, शांत खोलीतलं असेल तर चार-पाच. सात धरले तर २६ मुलाखतींचे १८२ तास. चार हाताने आणि बावीस मशीनचा ड्राफ्ट दुरुस्त करून, दुरुस्तीला साडेतीन तास धरले, तर २८ अधिक ७७, म्हणजे १०५ तास. वाचले ते सत्याहत्तर तास, कमी नाहीत, पण मैत्रीण म्हणते तसं एका संध्याकाळचं काम हे नव्हे.

टायपिस्टला द्यायचं असेल तर तेही चालतं, संमती घेऊन आणि गोपनीयतेचा लेखी करार करून. पण युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, टाइप करून हवं हे आधी ठासून सांगा. माझ्या जुन्या एका प्रोजेक्टच्या बारा मुलाखती एका डीटीपीवाल्याने त्याच्या नेहमीच्या जुन्या फॉन्टमध्ये केल्या होत्या, माझ्याकडे आल्यावर स्क्रीनवर सगळी चिन्हं, कन्व्हर्टर लावला तर रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे, दोन आठवडे गेले निस्तरण्यात. युनिकोडमध्येही एक बारीक अडचण आहे, तिसऱ्या, दुसऱ्या, करणाऱ्या यातला ऱ्य दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखाच, पण आत अक्षरांचे कोड वेगळे. तुम्ही फोनवर "करणाऱ्या" टाइप करून शोधलंत आणि टायपिस्टने वेगळ्या कीबोर्डवर टाइप केलंय, तर शोधात शून्य येऊ शकतं. कोडिंग सुरू करायच्या आधी सगळ्या फाइलींमध्ये शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवा.

आणि इंग्रजीत भाषांतर करून मग कोडिंग करायचं का? थिसिस इंग्रजीत लिहायचाय म्हणून बरेच जण तसं करतात, व्हिस्परमध्ये तर थेट इंग्रजीत काढायची सोयही आहे. करू नका. सोडलं आणि सुटलं दोन्हीचं इंग्रजीत एकच होतं, कोडिंगला बसेपर्यंत फरक संपलेला असतो. कोडिंग मराठीत, कोडची नावं हवी तर इंग्रजीत ठेवा, आणि थिसिसमध्ये जी वाक्यं उद्धृत करायची तेवढ्यांचंच भाषांतर शेवटी स्वतः करा. परीक्षक किंवा गाइड मराठी वाचणारे नसतील तर मात्र दोन-तीन मुलाखतींचं पूर्ण भाषांतर लागेल, ते तुमच्या परिस्थितीवर आहे.

आता दुसरं काम, विश्लेषण. गाइड एनव्हिवो म्हणतात ते उगाच नाही. हे जुनं आणि भक्कम सॉफ्टवेअर आहे, त्याचं मूळ १९८१ साली ऑस्ट्रेलियात एका समाजशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनासाठी त्यांच्या नवऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. ॲटलस टीआय आणि मॅक्सक्यूडीए ही दोन्ही जर्मनीतली, तीही तितकीच चांगली. पण ही सॉफ्टवेअरं विश्लेषण करत नाहीत, एवढं पक्कं डोक्यात ठेवा. वाक्याला खूण करणं, त्या खुणेला नाव देणं, एका नावाखालची सगळी वाक्यं एकत्र बघणं, त्यावर टिपण लिहिणं, आणि कुठल्या दोन खुणा बरोबर येतात ते बघणं, एवढं ती करतात. बाकी तुमचं. शंभर-दोनशे मुलाखती असतील, चार-पाच जण मिळून कोडिंग करत असतील, वय-वस्ती-जातीनुसार तक्ते हवे असतील तर पैसे देण्यात अर्थ आहे. एकटीने २६ मुलाखती करायच्या तर एवढं लागत नाही.

तुमच्या लायब्ररीकडे एनव्हिवोचं लायसन्स असेल तर जरूर वापरा, पण दोन गोष्टी विचारून घ्या, ते तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मिळेल का, आणि पीएचडी संपल्यावर काय. हे मी अनुभवाने सांगते. एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये चाळीस मुलाखतींचं कोडिंग आम्ही एका महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, निधी संपला, वार्षिक लायसन्स संपलं, आणि दोन वर्षांनी लेख लिहायला बसले तेव्हा माझीच फाइल मला उघडेना. कोड, टिपणं, सगळं आत. ट्रान्स्क्रिप्ट वेगळे ठेवले होते म्हणून ते वाचले, पण कोडिंग परत करावं लागलं. त्यानंतर मी एकच बघते, बाहेर कसं पडता येतं. २०१९ पासून रेफी-क्यूडीए नावाचं एक सामायिक स्वरूप आहे, एनव्हिवो, ॲटलस, मॅक्सक्यूडीए आणि काही फुकट सॉफ्टवेअरंही ते वाचतात-लिहितात. लायसन्स असेपर्यंत दर महिन्याला त्या स्वरूपात एक प्रत काढून ठेवायची.

फुकटात दोन चांगले पर्याय आहेत. टॅगेट सगळ्यात सोपं, अर्ध्या तासात शिकून होतं, फाइल टाकायची, वाक्य निवडायचं, टॅग द्यायचा, आणि एका टॅगखालचं सगळं वर्ड किंवा एक्सेलमध्ये काढायचं. त्यांच्या वेबसाइटवरही चालतं पण तुम्ही लॅपटॉपवर उतरवून घ्या, कारण वर सांगितलंच आहे. त्यात आवाज लावता येत नाही, फक्त लिखाण. दुसरं क्वालकोडर, थोडं खडबडीत दिसतं, शिकायला आठवडा द्या, पण त्यात ट्रान्स्क्रिप्ट आणि आवाज जोडून ठेवता येतो, म्हणजे कोड केलेल्या वाक्यावरून थेट त्या क्षणाच्या आवाजावर जाता येतं. त्यासाठी व्हीएलसी प्लेअर मशीनवर असावा लागतो. तुमच्या विषयात गप्प होणं, हुंदका, हसणं याला वजन आहे, म्हणून मी तुम्हाला क्वालकोडर सांगेन, नाहीच जमलं तर टॅगेट. एक्सेलमध्ये केलंत तरी मी नाक मुरडणार नाही, एका ओळीत एक उतारा, शेजारी कोड, शेजारी टिपण, अनेकांचे चांगले थिसिस असेच झालेत.

दोन बटणांपासून जपा. एक, शब्द मोजून ढग काढणारं, म्हणजे जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा दाखवणारं चित्र. मराठीत खाडा, खाडे, खाड्याचे, खाड्यांवरून हे सॉफ्टवेअरला चार वेगळे शब्द, त्यामुळे मोजणी चुकते आणि वर येतात ते मग, म्हणजे, आणि, ते. दुसरं, आपोआप कोड काढून देणारं एआय, आता मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ते आलंय. एकतर उतारा परत बाहेर जातो. आणि ते जे कोड देतं ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही कामगाराला लागू पडतील असे असतात, कमी वेतन, असुरक्षितता, कौटुंबिक जबाबदारी. ते चुकीचे नसतात, पण एवढं लिहायला तुम्हाला मानखुर्दला जायची गरज नव्हती.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: बझमध्ये व्हिस्पर लार्ज, दुरुस्तीला ओट्रान्स्क्राइब, कोडिंगला क्वालकोडर, खर्च शून्य. गाइडना एनव्हिवोच हवं असेल आणि लायब्ररीत ते असेल तर वाद घालू नका, तिथे करा, महिन्याला प्रत बाहेर काढा. लायसन्स स्वतःच्या पैशाने घेऊ नका.

आणि सगळ्या सव्वीस फाइली रांगेत लावायच्या आधी आज एक करा. तुमच्या सगळ्यात वाईट रेकॉर्डिंगमधली, कुकरची शिट्टी आणि सिरियल चालू असलेली दहा मिनिटं कापून घ्या, ती आधी स्वतः उतरवा, मग व्हिस्परला द्या आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. दर ओळीला दुरुस्ती लागत असेल तर त्या वस्तीच्या मुलाखती हातानेच कराव्या लागतील, त्याप्रमाणे महिने मोजा आणि गाइडना तसं आत्ताच सांगा. अजून मुलाखती व्हायच्या असतील तर फोन जमिनीवर किंवा स्टीलच्या ताटाशेजारी ठेवू नका, ओढणीची घडी करून त्यावर ठेवा, बाईंच्या बाजूला, फ्लाइट मोडवर, आणि पंखा बंद करायला सांगू नका, उकाड्यात कोणी मोकळं बोलत नाही, त्यापेक्षा साधा कॉलरचा माइक घ्या.